भगव्याचं झाकण

गुरुवार, रात्री

दसरा झाला की सोसायटीतल्या मुलांना किल्ल्याचे वेध लागतात आणि मला रंगांच्या खोक्याचे. माती, दगड, पोती, गेरू, वर पेरायला हळीव-मोहरी, हे सगळं मुलं गोळा करतात. गेल्या वर्षीची चित्रं मात्र माझ्या माळ्यावर असतात. कुणा मावळ्याची तलवार मोडलेली, कुणाच्या नाकाचा टवका गेलेला, तोफेपाशी बसलेल्याचं तर मुंडासंच गायब. ती दिवाळीआधी रंगवून द्यायची असा आमचा जुना करार आहे. शनिवारी सगळी टोळी ब्रश घेऊन माझ्या गॅलरीत येणार, म्हणून आज जेवणं आटपल्यावर खोकं खाली काढलं. एकही बाटली उघडेना.

म्हणजे काळा उघडला. काळा नेहमीच उघडतो, कारण मिशा आणि डोळ्यांपलीकडे त्याला काही काम नसतं. घट्ट बसतात ते भगवा, पिवळा आणि पांढरा. जो रंग जास्त वापरला, त्याच्या बाटलीच्या काठावर जास्त हात फिरलेले असतात. मुलं ब्रश बाटलीत बुडवतात आणि जास्तीचा रंग काठावर निथळतात. तो ओघळून आट्यांमध्ये उतरतो, त्यावर झाकण पिळलं जातं आणि मग वर्षभर कोणी बघत नाही. झाकण आज अडकलेलं नाही, ते गेल्या वसुबारसेलाच चिकटलं होतं.

नाना टीव्हीसमोरून उठून आले. "द्या इकडे. जोर लागतो त्याला." सासरे चौऱ्याहत्तरचे, पण झाकण दिसलं की त्यांच्या अंगात तालीम संचारते. भगव्याची बाटली पंजात धरून चेहरा लाल होईपर्यंत पिळली. मग पक्कड मागितली.

"नाना, पक्कड नको. झाकण फुटेल."

"अगं, लोणच्याच्या बरण्या उघडल्यात मी."

खरं आहे ते. बरणीचं झाकण दाराच्या बिजागरीपाशी फटीत धरून फिरवायची त्यांची युक्ती घरात प्रसिद्ध आहे. पण बरणी आणि रंगाची बाटली यांचं गणित वेगळं. बरणीचं झाकण साधारण ७० मिमी रुंद, रंगाचं जेमतेम २५. कडेवर तेवढाच जोर लावला तरी पीळ एक तृतीयांशच पडतो. शिवाय एवढ्याशा झाकणावर अख्खा पंजा बसत नाही, दोन बोटं आणि अंगठा यांवरच भागवावं लागतं. मोठ्या बरण्या उघडणारी माणसं छोट्या बाटलीपुढे हात टेकतात, त्याचं कारण हे. पक्कड धरली की आणखी एक घोळ होतो: प्लॅस्टिकचं झाकण दोन बाजूंनी दबून लंबगोल होतं आणि बाटलीच्या गळ्याला जास्तच आवळून बसतं. बाटली काचेची असली तर गळाच तुटतो, आणि तो तळहातात घुसलेला मी माहेरी पाहिला आहे.

नानांना हे पटलं असं म्हणता येणार नाही. "बरं, करा तुमचं विज्ञान," म्हणून ते खुर्ची ओढून तिथेच बसले.

माझं विज्ञान फार नाही. बाटली पिळण्याआधी एवढंच बघायचं की आत काय आहे. झाकण ज्या रंगाने चिकटलंय, तो रंग कशाने सुटतो, तेच करायचं.

पोस्टर कलर सर्वांत गरीब. त्यात रंगाचे कण धरून ठेवायला डिंकासारखा पदार्थ असतो, आणि तो वाळला तरी पाण्यात पुन्हा विरघळतो. भगवा आणि पिवळा पोस्टरचे होते. वाटीत आंघोळीच्या पाण्याइतकं कढत पाणी घेतलं, बाटल्या उलट्या करून फक्त झाकणं बुडतील अशा ठेवल्या आणि मधल्या वेळात भांडी लावली. उकळतं पाणी मी घेत नाही, काचेला एकदम चटका बसला तर ती तडकते. परत आले तर वाटीत केशरी दूध आटवल्यासारखं दिसत होतं. भगव्याचं झाकण दोन बोटांनी फिरलं. नाना म्हणाले, "मी आधी सैल केलं होतं." हो म्हटलं.

गरम पाण्याचा काचेच्या बाटलीला आणखी एक फायदा. तापल्यावर प्लॅस्टिक काचेच्या दसपट किंवा त्याहून जास्त फुगतं. ३० मिमी झाकण पस्तीसेक अंशांनी तापलं की एक दशांश मिलिमीटरने रुंदावतं, काचेचा गळा मात्र एक शतांशच. फरक डोळ्यांना दिसत नाही, पण वाळलेल्या रंगाची पकड सुटायला तेवढा बास होतो. बाटलीही प्लॅस्टिकची असेल तर दोन्ही जवळपास सारखीच फुगतात, त्यामुळे हा फायदा तिथे फारसा नाही.

अ‍ॅक्रिलिकचं प्रकरण हट्टी. ओला असताना तो पाण्याने धुतला जातो, म्हणून लोकांना वाटतं वाळल्यावरही जाईल. पण पाणी उडून गेलं की त्यातले बारीक कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो, आणि तो प्लॅस्टिकच असतो. रात्रभर भिजत घाला, ढिम्म. गरम पाण्याने तो विरघळत नाही, मऊ मात्र होतो, आणि मऊ आहे तोवर लगेच पिळावं लागतं. भाच्याच्या बाटल्याही याच खोक्यात आहेत. तो विमानांची मॉडेलं करायचा, आता बंगळुरूला नोकरीला आहे आणि त्याचा संसार माझ्या माळ्यावर. त्यात तामियाच्या १० मिलीच्या काचेच्या बाटल्या आहेत. हा जपानी अ‍ॅक्रिलिक अल्कोहोलने पातळ होतो, म्हणून तिथे करोनातलं उरलेलं सॅनिटायझर कामी आलं. जेल नव्हे, पाण्यासारखं पातळ असतं ते. बाटली उलटी धरून झाकणाच्या कडेच्या फटीत थेंब थेंब सोडायचं, म्हणजे ते आट्यांकडे उतरतं. वर ओला कापूस गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. गॅस आणि देवघरातली समई यांच्यापासून लांब, हे नानांना दोनदा सांगितलं, कारण ते उदबत्ती लावायला निघाले होते.

पकडीसाठी सायकलच्या ट्यूबचा पट्टा. पंक्चरवाला फुकट देतो. झाकणाभोवती एक वेढा घेतला की बोटं घसरत नाहीत आणि झाकण चहूबाजूंनी सारखं दाबलं जातं. हे नानांकडे दिलं. त्यांनी भाच्याच्या हिरव्या-करड्या बाटल्या एकामागून एक उघडल्या आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघितलं.

ऑइलपेंटचा छोटा डबाही निघाला, तोफांसाठी घेतलेला. त्याला पिळायचं काही नसतं. झाकण खाचेत दाबून बसवलेलं असतं, ते चपट्या स्क्रूड्रायव्हरने चारी बाजूंनी थोडं थोडं उचलायचं. एकाच जागी उचकटलं की कड वाकते आणि मग ते पुन्हा कधी नीट बसत नाही. आत जाड साय आली होती. हा रंग हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो, त्यामुळे अर्ध्या डब्यातली हवाच त्याला पुरते. साय अख्खी काढून टाकली, खालचा रंग ठीक आहे.

सगळ्यात कष्टाने उघडला तो पांढरा अ‍ॅक्रिलिक. गरम पाणी, सॅनिटायझर, ट्यूब, मग नाना आणि शेवटी मी. आत खोडरबर. अ‍ॅक्रिलिक असा आळला की त्याला परत फिरवता येत नाही, टाकून दिला. पिवळाही तळाशी दगड झाला होता, पण तो पोस्टरचा. त्यात चमचाभर पाणी घालून ठेवलंय, सकाळपर्यंत काडीने ढवळण्याइतका होईल. हलवून मिसळायचा नाही, हलवलं की रंग पुन्हा आट्यांत जातो.

काठाला व्हॅसलिन लावा असं एक जण सांगत होती. पोस्टर कलरला लावून बघेन, अ‍ॅक्रिलिकला नको, तेलकट गुठळ्या रंगात पडतात. बंद करताना ओल्या फडक्याने काठ पुसणं मला पुरतं. पण ते मुलांकडून होणं नाही. म्हणून या वर्षी बाटल्या त्यांच्या हातात द्यायच्याच नाहीत. जुन्या साबणाच्या डब्यांत रंग काढून देणार, निथळा म्हणावं हवं तिकडे.

उद्या पांढरा आणायचा आहे, महाराजांच्या सिंहासनाखालचा घोडा त्याशिवाय होणार नाही. गुहेतल्या वाघाचा पिवळा मात्र घरचाच.