तिसरं सिझर

"डॉक्टर, पिल्लं वाचली पाहिजेत. पाचही बुक झालीत."

बुलडॉगची मादी टेबलावर धापा टाकत होती आणि मालकाचं पहिलं वाक्य हे. तिचं नाव त्याने घेतलंच नाही. मला ते जुन्या केसपेपरवर सापडलं. राणी. त्याच पेपरवर आधीची दोन सिझर, दोन्हींखाली सही माझी.

कुत्री आपली आपण विते, हे या जातीत जवळपास संपलंच आहे. पिल्लांची डोकी मोठी, मादीचा कटिभाग अरुंद. माणसाने हौसेने निवडत निवडत हे असं करून ठेवलंय. सोनोग्राफीत पिल्लांचे ठोके 200 च्या आसपास हवेत, ते 150 वर आले होते. थांबायला वेळ नव्हता.

पोट उघडलं तर गर्भपिशवी मागच्या टाक्यांपाशी आतड्यांच्या पडद्याला चिकटलेली. एका ठिकाणी तर इतकी पातळ की बोट लावायची भीती वाटावी. पिल्लं एकेक करून सहायकाच्या हातात दिली. टॉवेलने चोळायचं, नाकातलं पाणी ओढायचं, पहिलं कुईं येईपर्यंत आपणही श्वास धरायचा. चार रडली. पाचवंही रडलं, पण तोंडात बोट घातलं तर टाळू दुभंगलेली.

पिशवी काढून टाकू का, असा निरोप बाहेर पाठवला. उत्तर आलं, "एवढ्या वेळी शिवा. आता परत नर लावत नाही, शब्द देतो." हाच शब्द मागच्या वेळीही होता. तिच्या पहिल्या वेतातलं एक पिल्लू दीड वर्षाचं होऊन माझ्याकडे आलं होतं. घोरणं आणि कातडीची दुखणी त्याच्या नव्या मालकाला झेपेनात, कुणी घेतं का विचारत होता. शेल्टरमध्ये आधीच जागा नव्हती.

मी शिवलं. मालकाच्या सहीशिवाय पिशवी काढता येत नाही, हे खरं. मी नाही म्हटलं तर ती दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल, हेही खरं; पण ही पळवाट मी जरा जास्तच वापरतो.

राणी स्वतः गिळायला लागेपर्यंत घशातली नळी काढली नाही. नकट्या जाती पुष्कळदा दगावतात त्या भुलीतून उठताना.

केसपेपरवर लिहिलं, 'पुन्हा गाभण राहिल्यास जिवाला धोका.' मालकाने वाचलं. "पिल्लं घेणारे कागद बघतात हो. ही ओळ सोडून दुसरा लिहून द्याल?"

नाही म्हणालो. त्या दिवसातलं माझं ते पहिलं 'नाही'.