तुम्ही विचारलंत म्हणून : लखोबाला आधार कार्ड द्यायचं का?

दिवाळी उलटली की हा प्रश्न मला हमखास येतो. पाऊस एकदाचा गेलेला असतो, कोल्हापूरहून गोव्याकडे निघालेल्या नाटकांच्या गाड्या वाटेत बेळगावला मुक्काम करायला लागतात आणि पेपरात जाहिरात झळकते : अमुक अजरामर नाटक, नव्या संचात, नव्या रूपात, फक्त दोन अंकांत. लगेच कुणीतरी विचारतं, "काकू, तुमची तर जुनी नाटकं पाठ. हे असलं तुम्हाला चालतं कसं?"

विचारणारे दोन तऱ्हेचे. एक माझ्या वयाचे. मी "छे छे, कुठं ते आणि कुठं हे" म्हणावं आणि आपण दोघांनी मिळून उसासा सोडावा, अशी त्यांची अपेक्षा. दुसरी कॉलेजात एकांकिका करणारी पोरं. त्यांनाही मी "छे छे" म्हणायलाच हवी असते, म्हणजे मला जुनाट ठरवून मोकळं होता येतं. दोघांचाही विरस होतो, कारण मला चालतं. कपडे बदला, काळ बदला, पदं कमी करा, पाचाचे दोन अंक करा. फक्त मूळ नाटक ज्या अडचणीवर उभं आहे ती अडचण तेवढी काढून टाकू नका. माझी एवढी एकच अट आहे आणि ती दिसते तितकी सोपी नाही.

आधी त्या "मूळ"बद्दल. संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म 1843 चा. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेही कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीच्या संस्थानिकांना तसलं काही मराठीत हवंसं वाटलं म्हणून. किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात रंगभूमीवर आणलेलं 'शाकुंतल' कालिदासाचं. दोन वर्षांनी 'सौभद्र' आलं, त्याची कथा महाभारतातली. पण महाभारतातल्या सुभद्राहरणात घटोत्कच कुठं आहे? इथं तो सुभद्रेला उचलून रानात नेऊन ठेवतो. आणि ती द्वारका तरी कसली? एकोणिसाव्या शतकातलं खटल्याचं घर आहे ते. थोरल्या भावानं बहिणीचं लग्न परस्पर ठरवलेलं, धाकट्यानं गोड बोलून ते मोडायचा घाट घातलेला. त्या काळच्या कुणा शास्त्रीबुवांनी "हे आमचं महाभारत नव्हे" म्हणून नाक मुरडलं असेल, तर आपले आजचे उसासे त्यांचेच वारसदार.

'संशयकल्लोळ'चं तर विचारूच नका. मोलिएरचं फ्रेंच नाटक, त्यावरून मर्फीचं इंग्रजी, त्यावरून देवलांचं मराठी. देवलांनी 1893 मध्ये ते आधी 'फाल्गुनराव' या नावानं गद्यच लिहिलं होतं. पदं आली ती 1916 मध्ये, त्यांच्या अखेरच्या दिवसांत. म्हणून नव्या प्रयोगात चार पदं गाळली की जे कळवळतात त्यांना मी सांगते, अहो, पदं नसलेलं संशयकल्लोळच थोरलं आहे. 'नटसम्राट'च्या मागं शेक्सपिअरचा लिअर राजा आहे, पु. लं.च्या 'ती फुलराणी'च्या मागं बर्नार्ड शॉ. (पु. ल. काही काळ आमच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते. हे सांगितल्याशिवाय बेळगावकराला पाणी पचत नाही.)

शिवाय आमच्या भागात नाटक जसंच्या तसं होतंच कधी? माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. तिथं यात्रेला गावची पोरं रात्रभर नाटक करतात आणि बाईचं काम करायला बाहेरगावची नटी ठरवतात. ती दुपारच्या एसटीनं येते, चहा घेते, पडद्यामागं एक धावती तालीम करते आणि रात्री उभी राहते. असाच एक प्रयोग मला लख्ख आठवतो. नायक गावातलाच, सोसायटीत कारकून. पठ्ठ्यानं पावसाळाभर पुस्तक घोकून काना-मात्रेसकट पाठ केलेलं. नटीनं तेच काम गावोगाव केलेलं आणि प्रत्येक गावची काटछाट वेगळी. तिसऱ्या अंकात बाईंनी सरळ दोन पानं ओलांडली. झालं! नायकाकडं उत्तर तयार, पण प्रश्नच आलेला नाही. विंगेत प्रॉम्प्टर बॅटरीच्या उजेडात पानं उलटतोय, हार्मोनियमवाला उगाचच एक सूर धरून बसलाय. नायकानं घाम पुसला आणि म्हणाला, "आता तू मला विचारशील, की त्या रात्री तुम्ही कुठं होता?" आणि पुढं तिचा प्रश्न, आपलं उत्तर, तिचा उलटा प्रश्न, सगळं स्वतःच बोलत गेला. बाईही कसलेल्या. त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. माझ्या शेजारची म्हातारी रडत होती. नाटकातल्या नवऱ्यानं बायकोला खोटं सांगितलंय एवढं तिला कळलं होतं आणि तेवढंच कळायला हवं होतं.

शहरातल्या प्रयोगाचीही तीच तऱ्हा. नेपथ्य मोठ्या शहरातल्या रंगमंचाच्या मापानं बांधलेलं असतं. आमच्याकडं आलं की माळ्याचा जिना विंगेत मावत नाही, तो गाडीतच राहतो, आणि वरच्या खोलीत जाणारं पात्र स्वयंपाकघरात जातं. त्याबद्दल कुणी पत्रकं काढत नाही.

आता अडचण म्हणजे काय ते सांगते, आणि त्यासाठी आपल्या जिल्ह्याचं नाव महाराष्ट्रभर गाजवणारा माणूस घेते : निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे. अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' 1962 साली आलं. फिरता रंगमंच, कोर्ट, आणि वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या बायकांना फसवलेला एकच माणूस. प्रभाकर पणशीकरांचा लखोबा ज्यांनी पाहिला त्यांच्या कानात त्याचा सीमाभागाचा हेल अजून असतो. आमच्या एकांकिकावाल्या पोरांच्या डोक्यात हे नाटक आजच्या काळात आणायचं आहे. चहाच्या गाड्यावर चर्चा चालली होती. एकजण म्हणाला, "काकू, आता जमणार नाही हो ते. आधार कार्ड आलंय, बोटाचा ठसा आलाय. लखोबा पहिल्याच अंकात सापडतो की!"

म्हटलं, अरे बाबा, तो मूळ नाटकातसुद्धा पहिल्याच अंकात सापडलेला आहे! आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे तो. बायका येतात, ओळखतात, बोट दाखवतात. तो शांतपणे सांगतो, तो मी नव्हेच. तो सापडेल की नाही, हे रहस्य कधी नव्हतंच. पुरावा डोळ्यांसमोर असताना माणूस नाकारतो कसा, आणि त्याच्या नाकारण्यानं क्षणभर आपणही चळतो कसे, ही त्या नाटकातली अडचण. ती आज कमी झाली? आता फोटो असतो, व्हिडिओ असतो, आणि माणूस म्हणतो, तो व्हिडिओ बनावट आहे, आवाज माझा नव्हे, खातं कुणीतरी हॅक केलं होतं. अत्र्यांच्या लखोबाला साक्षीदार खोडावे लागत होते. आजच्या लखोबाला यंत्रावर ढकलता येतं. त्याला आधार कार्ड खुशाल द्या. तो तेच न्यायाधीशांपुढं धरून म्हणेल, साहेब, कार्डावरचं नाव वाचा, हे काय म्हणतात तो मी नव्हेच.

दुसरी गोष्ट, लग्न. फसलेल्या बायका काही वेड्या नव्हत्या. त्यांच्या घरच्यांना हुद्देवाला, गोड बोलणारा, हुंड्याबिंड्याचं फार न ताणणारा जावई हवा होता आणि तो दारात उभा होता. आता तो विवाहमंडळाच्या साइटवर उभा असतो, इतकाच फरक. पोरांनी हे लिहून घेतलं. बरं वाटलं.

मग मी त्यांना निपाणीचं विचारलं. पुण्यात "निपाणीचा तंबाखूचा व्यापारी" म्हटलं की हशा पिकतो, लांबच्या गावाचं गमतीदार नाव म्हणून. निपाणीत बसून ऐकणाऱ्याला तो व्यापारी ओळखीचा असतो. विडीच्या तंबाखूचा भाव कोण ठरवायचं, वजनात काय व्हायचं, हे तिथल्या घराघरांत माहीत. 1981 साली शरद जोशींच्या पुढाकारानं तंबाखू शेतकरी तिथं हमरस्त्यावर बसले होते आणि गोळीबारात माणसं गेली. त्या गावात लखोबाचं "मी प्रतिष्ठित व्यापारी आहे" हे म्हणणं नुसतं विनोदी राहत नाही. व्यापाऱ्याचा शब्द आणि विडी वळणाऱ्या बाईचा शब्द समोरासमोर आले तर कोर्टात कुणाचा खरा धरतील? नव्या नाटकात फसलेल्या बायकांपैकी एक विडी कामगार असली तर? अत्र्यांना मुंबईत बसून हे सुचण्याचं कारण नव्हतं. आम्हाला आहे. इथं रूपांतर करणारा मूळ नाटकाला एक ओळही न दुखवता पुढं नेऊ शकतो. आणि तो हेल मात्र ठेवा म्हटलं. प्रमाणभाषेतला लखोबा म्हणजे आणखी एक ठग, बस्स.

'शारदा'चंही असंच. म्हाताऱ्या भुजंगनाथाशी कोवळ्या मुलीचं लग्न, 1899 चं नाटक, आता कायदे झाले, मग कालबाह्य म्हणून मोकळे होतात. पण त्यातला मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित बघा. आमच्या खेड्यांतून तिशी उलटलेली शेतकऱ्यांची मुलं लग्नावाचून बसली आहेत, आणि पोरगी दाखवतो म्हणून आईबापांकडून पैसे काढणारे एजंट दारोदार फिरताहेत. भुजंगनाथ म्हातारा असायची गरजच उरलेली नाही. भद्रेश्वराला मध्यभागी आणा, नाटक आजचं होतं.

मग मला चालत नाही ते काय? मागं एका जुन्या नाटकाची नवी आवृत्ती पाहिली, नाव घेत नाही. खलपुरुषाला दुःखी बालपण दिलेलं, त्यामुळं तिसऱ्या प्रवेशात सगळ्यांनी त्याला समजून घेतलं. नायिकेला नोकरी दिलेली, त्यामुळं तिला काही सोसावं लागलं नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून रंगमंचावर सेल्फी काढला. कपडे झकास, प्रकाशयोजना झकास. जाऊबाई बाहेर पडताना म्हणाल्या, "भांडण कशावरून चाललं होतं ते काय कळलंच नाही बघा." एवढी नेमकी परीक्षा पेपरात कधी वाचायला मिळाली नाही.

आमच्या शेजारच्या अक्कांशी या बाबतीत माझं चांगलं जमतं. त्या कन्नड नाटकं बघतात, मी मराठी, आणि काही नाटकं दोघींची. कर्नाडांचं 'तुघलक' त्यांनी कन्नडमध्ये पाहिलंय, मी तेंडुलकरांनी केलेलं मराठी. दोघींचा तुघलक तितकाच बुद्धिमान आणि तितकाच दुर्दैवी. त्यांचं माहेर बैलहोंगलकडचं. तिकडं 'संग्या-बाळ्या' हे लोकनाट्य चालतं. करणारे बदलले की गाणी बदलतात, टोमणे बदलतात, गावच्या पुढाऱ्यावरच्या कोट्या तर दर खेळाला नव्या. पण मित्रानं मित्राचा घात करायचा तो करायचाच, तो कुणी बदलत नाही. अक्कांना ही माझी अट समजावून सांगावी लागली नाही.

यंदा वाद पेटला तो 'एकच प्याला'वरून. गडकऱ्यांचं 1919 चं नाटक. दारूत बुडालेला सुधाकर आणि त्याला न सोडणारी सिंधू. पोरांनी वाचनाला मला बोलावलं होतं. सिंधूचं काम वाचणारी मुलगी नर्सिंगला आहे, अनगोळची, जिभेला धार. दुसऱ्या अंकानंतर तिनं पुस्तक मिटलं. म्हणाली, "काकू, आजची सिंधू निघून जाईल. आपण तिला निघून जाऊ द्यायचं."

मी म्हटलं, जाऊ दे. पण कुठं जाईल? 1919 च्या सिंधूलाही दार बंद नव्हतं. श्रीमंत भाऊ होता, पद्माकर, तो न्यायला तयार होता. ती गेली नाही. गडकऱ्यांनी तिच्या न जाण्याला पातिव्रत्य म्हटलं आणि प्रेक्षकांनी मान डोलावली. आजच्या प्रेक्षकाला ते कारण पटणार नाही, हे मान्य. पण तुझ्या वॉर्डात डोक्याला टाके घालून घेऊन परत त्याच घरी जाणाऱ्या बायका येतात की नाही?

"येतात. रोज येतात."

त्या काय कारण सांगतात?

ती जरा थांबली. मग बोटांवर मोजत सांगायला लागली. घर सासूच्या नावावर आहे. पोराची दहावी आहे. महिला संघाच्या कर्जावर नवऱ्याची सही आहे. माहेरी भावजय आहे. आणि एकजण म्हणाली होती, प्यायला नाही तर फार चांगला आहे हो.

म्हटलं, यातलं एक तरी कारण गडकऱ्यांच्या सिंधूच्या तोंडी आहे का?

"नाही."

"मग तो प्रवेश नव्यानं लिहावा लागेल."

"कोण लिहिणार?" तिनं विचारलं. सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी पुस्तक तिच्या हातात परत दिलं आणि पेन पण दिलं.