अंदमानची पोस्टिंग मागण्याआधी मुलाची इयत्ता बघा

देवळाली कॅम्प असो, नाशिकरोडचं आर्टिलरी सेंटर असो की ओझरची एअरफोर्स कॉलनी, फेब्रुवारी-मार्च आला की शाळेच्या बसथांब्यावर एकच विषय असतो: पोस्टिंग. त्यात कुणी 'पोर्ट ब्लेअर' म्हटलं की घरात दोन तट पडतात. कुणाला निळा समुद्र दिसतो, कुणाला नाशिकपासूनचं अंतर. अलाउन्स किती वाढेल याचाही हिशोब होतो. हे सगळं ठीक आहे, पण बेटावरची दोन-तीन वर्षं सुखाची जातात की नाही, हे ठरतं दोन गोष्टींवर: मुलं कितवीत आहेत आणि घरात कुणाला नियमित डॉक्टर लागतो का.

त्याआधी 'अंदमान' म्हणजे नेमकं कुठे, हे विचारून घ्या. सप्टेंबर २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं अधिकृत नाव श्री विजयपुरम आहे, त्यामुळे कागदावर ते नाव दिसलं तर गोंधळू नका. तिन्ही दलांची एकत्रित अंदमान-निकोबार कमांड २००१ मध्ये उभी राहिली आणि तिचं मुख्यालय तिथेच आहे. शाळा, बाजार, सैनिकी इस्पितळ, विमानतळ हे सगळं याच शहरात. सावरकरांचं जन्मगाव भगूर आपल्या शेजारी, त्यामुळे नाशिककराला अंदमान म्हटलं की आधी सेल्युलर जेल आठवतं. सावरकरांना १९११ मध्ये तिथे नेलं होतं, आणि आज विमानतळाला त्यांचंच नाव आहे.

पण पोर्ट ब्लेअर म्हणजे अख्खं अंदमान नव्हे. उत्तरेला दिगलीपूर आहे. तिकडे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडतात, वाटेत थांबता येत नाही, फोटो काढता येत नाही. म्हणजे 'डॉक्टरला दाखवायला पोर्ट ब्लेअरला जाऊन येऊ' म्हटलं तर पूर्ण दिवस मोडतो. दक्षिणेला कार निकोबार, पोर्ट ब्लेअरपासून सुमारे २७० किलोमीटर. सपाट प्रवाळी बेट. २००४ च्या त्सुनामीत तिथल्या हवाई दलाच्या तळावर जवान आणि कुटुंबीय मिळून शंभराहून जास्त माणसं गेली. कार निकोबारची ऑर्डर आली तर कुटुंब नेता येतं का, हा पहिला प्रश्न. क्वार्टर कसं आहे, हा त्यानंतरचा. आणखी खाली ग्रेट निकोबारवर कॅम्पबेल बे. तिथे १९६९ पासून माजी सैनिकांची कुटुंबं वसवली गेली आणि त्यांत महाराष्ट्रातलीही आहेत, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं. माणसं आपली भेटतील, पण मोठं इस्पितळ पाचशे किलोमीटरवर आहे.

निकोबार जिल्ह्यातली बेटं आदिवासी संरक्षणाच्या १९५६ च्या नियमावलीखाली येतात. तुमचं ऑर्डरवर होईल, पण सिन्नरहून आई-वडील किंवा भाऊ 'आठ दिवस येऊन जातो' म्हणाले तर त्यांना वेगळा परवाना लागतो. तो वेळेवर मिळेलच असं धरून तिकिटं काढू नका.

बेट निवडता येतं का? अख्खं युनिट हललं तर निवडीचा प्रश्नच नाही. ईआरईवर, म्हणजे आपल्या रेजिमेंटबाहेरच्या नेमणुकीवर, एकट्याने जाणाऱ्याला मात्र चॉइस भरता येतो. जवान आणि जेसीओंच्या (सुभेदार वगैरे कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या) पोस्टिंग त्या-त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसातून निघतात. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस तर नाशिकरोडलाच आहे. चॉइससोबत मुलाची इयत्ता किंवा घरातलं आजारपण कारण म्हणून द्यायचं असेल तर कागद जोडा: शाळेचं बोनाफाईड, स्पेशालिस्टचा रिपोर्ट. तोंडी सांगितलेली अडचण फाईलमध्ये चढत नाही. आणि ऑर्डर निघाल्यावर ती बदलायला जाण्यापेक्षा चॉइस भरतानाच नीट विचार केलेला कधीही बरा.

आता मुलांचं. पहिली ते सहावीचं मूल असेल तर बिनधास्त जा. या वयात समुद्र, प्रवाळ, वेगवेगळ्या प्रांतांची मुलं याचा खरा फायदा होतो. तिथे बंगाली, तमिळ, तेलुगू घरं भरपूर, पण रस्त्यावरची भाषा हिंदी, त्यामुळे मूल आठवडाभरात रुळतं. खरी अडचण सातवीपासून. देवळालीच्या केंद्रीय विद्यालयात शिकणाऱ्या मुलाची बदली सोपी असते, कारण अभ्यासक्रम तोच आणि केव्हीची टीसी केव्हीत चालते. पण तुमचं मूल राज्य मंडळाच्या शाळेत असेल तर सीबीएसईत गेल्यावर मराठी सुटते आणि तिसरी भाषा म्हणून संस्कृत समोर येतं. केव्हीत ते सहावीपासून असतं. आपल्याकडचं मूल सातवी-आठवीत थेट तिथे गेलं तर विभक्ती आणि धातुरूपं यांत अडखळतं. एप्रिल-मेच्या सुट्टीत सहावीचं संस्कृतचं पुस्तक पुरं करून घ्या. दीड महिना पुरतो.

नववी आणि अकरावीत सीबीएसईची नोंदणी होते. दहावी-बारावीत शाळा बदलायला मंडळाची परवानगी लागते. पालकाची बदली हे कारण मान्य असतं, पण कागदपत्रांचे हेलपाटे होतात आणि मुलाचं वर्ष ताणात जातं. म्हणून नववी किंवा अकरावीच्या सुरुवातीला जायचं, नाहीतर बोर्डाची परीक्षा होईपर्यंत कुटुंब नाशिकलाच ठेवायचं. दहावीच्या मध्यावर मूल हलवू नका. अकरावीसाठी आणखी एक पाहायचं: हव्या त्या शाखेचा वर्ग त्या शाळेत खरंच चालतो का. 'बारावीपर्यंत शाळा आहे' एवढ्यावर थांबू नका. विषयांची नावं लिहून प्राचार्यांना विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आपल्या राज्यातल्या प्रवेशाचा धागाही इथेच गुंतलेला आहे. इंजिनीअरिंगच्या प्रवेशात दहावी-बारावी कुठून झाली हे पाहतात, आणि सैनिकांच्या मुलांसाठी डी-१, डी-२, डी-३ असे वेगळे गट असतात. महाराष्ट्राचा अधिवास असलेल्या सेवेतल्या सैनिकाच्या मुलाला डी-२ लागू होतो. त्यासाठी अधिवासाचा दाखला लागतो. तो, आणि लागू असेल तर जातीचा व नॉन-क्रीमीलेअरचा दाखला, नाशिक सोडण्याआधीच काढून ठेवा. बेटावरून तहसील कचेरीचं काम करणं म्हणजे प्रत्येक सहीसाठी नातेवाइकाला रजा टाकायला लावणं.

तब्येतीचं गणित याहून कडक आहे. पोर्ट ब्लेअरला नौदलाचं धन्वंतरी इस्पितळ आहे. ताप, बाळंतपण, हाडं मोडणं, नेहमीच्या शस्त्रक्रिया तिथे होतात. मोठं दुखणं निघालं तर रुग्णाला विमानाने मुख्य भूमीवर हलवतात. आता विचार करा: घरात डायलिसिसवर कुणी आहे का? फिट्स येणारं मूल आहे का, ज्याच्या गोळ्यांचा डोस दर काही महिन्यांनी न्यूरॉलॉजिस्ट बदलतो? स्पीच थेरपी किंवा ऑटिझमसाठी आठवड्याला तीनदा सेशन लागतं का? यांतल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर कुटुंब नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. इथे देवळालीचं मिलिटरी हॉस्पिटल आहे, आणि पुणे-मुंबई चार-पाच तासांवर. तिथे पुढचं इस्पितळ समुद्रापलीकडे, सुमारे बाराशे किलोमीटरवर असतं आणि मध्ये हवामान असतं. गरोदरपणातही तारखा मांडा. बहुतेक विमान कंपन्या ३६ आठवड्यांनंतर प्रवास करू देत नाहीत, त्याआधीचे काही आठवडे डॉक्टरचं प्रमाणपत्र मागतात. जायचं तर पाचव्या-सहाव्या महिन्यात, नाहीतर बाळंतपण इथेच उरकून.

रोजच्या दुखण्यांत तिथे लेप्टोस्पायरोसिसकडे, म्हणजे दूषित चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाकडे, लक्ष ठेवावं लागतं. पावसात चिखलपाण्यातून अनवाणी चाललेल्या मुलाला पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, अंगदुखी आणि लाल डोळे दिसले तर 'व्हायरल असेल' म्हणून थांबू नका. लवकर सुरू केलेल्या अँटिबायोटिकने हा आजार आवरतो, उशिरा मूत्रपिंड आणि फुप्फुसांपर्यंत जातो. मुलांसाठी गमबूट इथूनच न्या. निकोबारच्या बाजूला मलेरियाही आहे, म्हणून मच्छरदाणी सामानात वर ठेवा.

कुटुंब न नेण्याचा निर्णय झाला तर एसएफ क्वार्टरचा (जवान दूर असताना मागे राहणाऱ्या कुटुंबासाठीच्या घराचा) अर्ज लगेच टाका. नवऱ्याची मूव्हमेंट झाल्यावर धावपळ केली की यादीत नंबर मागे जातो आणि मध्ये भाड्याचं घर बघावं लागतं.

सामानाबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेक नुकसान तिथेच होतं. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम इथून जहाजं सुटतात, समुद्रात अडीच-तीन दिवस लागतात. पण तुमची पेटी नाशिकहून ट्रकने बंदरावर, तिथे थांबून जहाजात आणि मग क्वार्टरवर, असा प्रवास करते. महिना-दीड महिना धरा आणि त्या काळाचं घर सुटकेसमध्ये न्या: कुकर, चार ताटं, इंडक्शन, मुलांचे गणवेश, औषधं, सगळे मूळ कागद. गॅसचं ट्रान्सफर व्हाउचर हातातच हवं.

पोर्ट ब्लेअरला वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, जवळजवळ इगतपुरीइतका. फरक असा की तो चार महिन्यांत संपत नाही. मे ते डिसेंबर, दोन्ही मोसमी वारे भिजवतात. वर खारी हवा. चामड्याचे बूट आठ दिवस कपाटात बंद राहिले की त्यांवर हिरवट-पांढरी बुरशी धरते, बोट फिरवलं की पिठासारखी लागते. सणाच्या पैठणीची जर काळवंडते. म्हणून भारी साड्या, लोकरी कपडे, लग्नाचे अल्बम नाशिकला ठेवा. जे न्याल त्यासाठी जुनी युक्ती आजही सगळ्यात उपयोगी पडते: लाकडी कपाटाच्या तळाशी कमी वॉटचा साधा पिवळा बल्ब, जाळीच्या आत, कपड्यांपासून वीतभर दूर, रोज दोन-तीन तास चालू. एलईडी चालत नाही, तो ऊब देत नाही. लोखंडी कपाट नेऊ नका, सांध्यांतून गंजतं. मिक्सर, टीव्ही, राउटर रोज थोडा वेळ चालवा. बंद पडून राहिलेलं यंत्र आतून गंजतं, वापरातलं टिकतं. वीज बरीचशी डिझेल जनरेटरवर, त्यामुळे फ्रिजला स्टॅबिलायझर हवाच.

स्वयंपाकघरात नाशिककरांची पहिली चूक कांद्याची. लासलगावचा कांदा इथे स्वस्त म्हणून गोणी भरून नेतात. दमट हवेत त्याला पंधरवड्यात कोंब येतात आणि खालचा थर सडतो. तिथे दोन-दोन किलोच घ्या. महाग पडेल, पण वाया जाणार नाही. ज्वारी-बाजरीचं पीठ नेऊ नका. धान्य कडकडीत उन्हात वाळवून, पाच किलोच्या घट्ट झाकणाच्या डब्यात न्या आणि लागेल तसं दळा. गोडा मसाला पावपाव किलोच्या पिशव्यांत हवाबंद करून घ्या, एका वेळी एकच फोडा. पाण्यासाठी मोठं पिंप हवंच. शहराला पाणी मुख्यतः धनीखारी धरणातून येतं आणि उन्हाळ्यात पाऊस लांबला की एक-दोन दिवसांआड सुटतं.

गाडीचा मोह आवरा. एमएच-१५ ची जुनी गाडी जहाजातून नेण्याचा खर्च, खाऱ्या हवेने खालून लागणारा गंज आणि बारा महिन्यांपलीकडे ठेवली तर नाशिक आरटीओची एनओसी घेऊन नवा नंबर, हे सगळं मिळून ती विकून तिथे वापरलेली स्कूटर घेणं बरं पडतं. नवी गाडी घ्यायचीच असेल तर इथेच बीएच मालिकेत नोंदवा, सेवेतल्या सैनिकांना ती मिळते आणि राज्य बदललं तरी नंबर बदलत नाही.

इंटरनेट आता पूर्वीसारखं रडत नाही. चेन्नईहून समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली, त्यामुळे पोर्ट ब्लेअरमधून घरून काम करणं जमतं. लहान बेटांवर नोकरी टिकवायची असेल तर जाण्याआधी त्याच कॉलनीतल्या कुणाकडून संध्याकाळच्या वेळी स्पीड तपासून घ्या.

घड्याळ तेच, सूर्य मात्र नाशिकपेक्षा सव्वा तास पुढे. जूनमध्ये पाचच्या आधीच उजाडतं, डिसेंबरमध्ये पाचच्या सुमारास मावळतो. मुलांचं खेळणं शाळेतून आल्या-आल्या, अभ्यास अंधार पडल्यावर, असा दिवस बसवला नाही तर पहिले दोन महिने घर चिडचिडं राहतं.

लक्षद्वीपचा प्रश्न इथे क्वचित येतो, ती पोस्टिंग मुख्यतः नौदलाची. मिनिकॉयला मार्च २०२४ मध्ये जटायू तळ सुरू झाला. बेट सुंदर, पण लहान. जाणं-येणं मुख्यतः कोचीवरून, विमानतळ फक्त अगत्तीला. शाळकरी मुलं असलेल्यांनी आधी कुटुंबाशिवाय सहा महिने काढून बघावेत.

पोचल्यावर पहिल्याच रविवारी एक काम करा. अंदमान-निकोबारची सगळी बेटं भूकंपाच्या सर्वांत धोक्याच्या क्षेत्रात आहेत. क्वार्टरपासून उंचावर जाणारा सर्वांत जवळचा रस्ता मुलांना घेऊन पायी चाला आणि किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा. किनाऱ्याजवळ जमीन बराच वेळ जोरात हलली तर भोंगा वाजायची वाट न पाहता याच रस्त्याने वर जायचं, सामान घ्यायला मागे वळायचं नाही. वर पोचल्यावर सगळ्यांनी कुठल्या झाडाखाली किंवा इमारतीपाशी जमायचं, तेही त्याच दिवशी ठरवा, कारण वडील तेव्हा ड्यूटीवर असू शकतात आणि फोन बंद.