जास्त अंतर, कमी वेळ

लंडनच्या हीथ्रोपासून न्यूयॉर्कच्या जेएफकेपर्यंतचं सरळ अंतर 5,540 किलोमीटर, म्हणजे 2,990 नॉटिकल मैल (एक नॉटिकल मैल 1.852 किलोमीटरचा; पुढे ‘मैल’ म्हणजे हाच). विमानांचे मार्ग आखणं हे माझं काम. हिवाळ्यातल्या त्या पाळीत मी फ्लाइट प्लॅन, म्हणजे मार्गाचा आराखडा, दिला तो मात्र 3,150 मैलांचा. विमान पोचल्यावर वरिष्ठांकडून विचारणा आली: 160 मैलांचा वळसा कशासाठी?

पृथ्वीच्या गोलावरची ‘सरळ’ रेषा नकाशावर आधीच वाकडी दिसते. जेएफके हीथ्रोपेक्षा जवळजवळ 11 अंश दक्षिणेला आहे, तरी विमानाचं नाक सुरुवातीला 288 अंशांवर, पश्चिम-वायव्येकडे असतं. पण त्या रात्री याच रेषेवर जेटस्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, समोरून येत होता, सरासरी 90 नॉट (ताशी 90 नॉटिकल मैल). मॅक 0.84 (ध्वनीच्या वेगाच्या 0.84 पट) म्हणजे त्या उंचीवर हवेतला वेग सुमारे 480 नॉट. वारा वजा केला की जमिनीच्या सापेक्ष वेग उरतो 390, आणि वेळ लागतो 7 तास 40 मिनिटं. ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून गेलं तर समोरचा वारा 40 नॉटच, वेग 440, वेळ 7 तास 10 मिनिटं. विमानाला जमीन कळत नाही, ते हवा कापतं. सरळ वाटेवर 3,680 मैल हवा कापावी लागली असती, लांबच्या वाटेवर 3,440. अर्धा तास वाचला म्हणजे ताशी 5 टन जाळणाऱ्या विमानाचं अडीच टन इंधन वाचलं. अंतराला वेगाने भागून वेळ काढणाऱ्यांना हे दरवेळी नव्याने समजवावं लागतं, आणि त्यात वेळापत्रक ठरवणारेही असतात, याचा खरंच त्रास होतो.

चढाई-उतराईची 10 मिनिटं धरून हवेतला वेळ 7:20. पण तिकिटावर छापतात तो ब्लॉक टाइम: चाकांचे चोक (विमान हलू नये म्हणून लावलेले अडसर) काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत. जाताना टॅक्सीची, म्हणजे विमान जमिनीवर चालत धावपट्टीपर्यंत जाण्याची, 20 मिनिटं, उतरल्यावर 10, एकूण 7:50. वेळापत्रकात होते 8:10. विमान 20 मिनिटं आधी पोचलं आणि स्टँडवर, म्हणजे त्याच्या उभं राहायच्या जागेवर, दुसरं विमान उभं! 25 मिनिटं टॅक्सीवेवर थांबून ब्लॉक टाइम झाला 8:15. नोंदीत ‘5 मिनिटं उशीर’, शेजारी 160 मैल जास्त. विचारणा त्यातूनच आली.

मार्ग बरोबरच होता. जमिनीवर मंद चालणारी इंजिनं 25 मिनिटांत जे पितात ते वाचलेल्या अडीच टनांपुढे थोडंच. मन अडतं ते दुसऱ्याच गोष्टीवर. स्टँड केव्हा रिकामा होणार हे न्यूयॉर्क विमानतळावरच्या आमच्या माणसांना उड्डाणाआधी विचारता आलं असतं. वेग मॅक 0.82 ठेवला असता तर जमिनीच्या सापेक्ष वेग 11 नॉटने उतरून वाटेत 11 मिनिटं जास्त गेली असती, इंधन आणखी वाचलं असतं आणि टॅक्सीवेवरचं थांबणं जवळजवळ निम्म्यावर आलं असतं.