केसपेपरावरचं वय

गुरुवार, रात्र

आज जांबोटीकडची एक पोरगी आली. सोळा वर्षांची, सोबत आत्ती. नाव विचारलं तर आत्ती सांगते, पाळी कधी आली विचारलं तरी आत्तीच. पोरगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. शेवटी म्हटलं, "आत्ती, तेवढा केसपेपर काढून आणा की." रांग मोठी आहे, हे मला ठाऊक होतं.

दार लोटलं तरी ती गप्पच. बाहेर 'स्नेहा क्लिनिक'ची, म्हणजे वयात येणाऱ्या पोरापोरींच्या सरकारी दवाखान्याची, पाटी कन्नडात, पोस्टरं कन्नडात, माझ्या हातातला फॉर्मही. ही मराठी शाळेतली. म्हटलं, "घरात काय म्हणतात गं, कावळा शिवला?" तेव्हा कुठं हसली. कन्नडात पाळीला 'मुट्टु' म्हणतात, त्याचाही अर्थ शिवणंच. पाट्यांवरून भांडणाऱ्या दोन्ही भाषांचं पोरीला कोपऱ्यात बसवताना मात्र एकमत!

खालची पापणी ओढून बघितली, पांढरीफटक. शाळेत मिळायची ती आठवड्याची निळी गोळी? "शी काळी होते म्हणून फेकत होतो." लोहानं तशी होतेच, घाबरायचं काही नसतं, पण हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.

मग हळूच म्हणाली, "तुमी आईला सांगतासा काय?"

नवी होते तेव्हा मी बेधडक शब्द द्यायची, कुणाला म्हणजे कुणाला सांगणार नाही. एका मुलीला असाच दिला. तिनं जे सांगितलं ते पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ खाली पोलिसांना कळवणं भाग होतं. कळवलं. पुढं एकदा बाजारात दिसली, तर मान फिरवून निघून गेली. माझं कायद्यानं काही चुकलं नव्हतं, पण तिच्या लेखी मी खोटारडी ती खोटारडीच.

म्हणून आता आधीच सांगते. पाळी, अंगावरून जाणं, मनातलं, हे या खोलीत राहील. पण १८ च्या आत कुणी अंगाला हात लावला असेल, तर मला गप्प बसता येणार नाही. एवढं ऐकून काही जणी उठून जातात. रजिस्टरातला आकडा कमी भरतो, त्यावरून बोलणीही खाते.

ही उठली नाही. पाळी निव्वळ निमित्त होती. सुपारी फुटलीय, मुलगा चंदगडकडचा, आणि लग्नही तिकडंच करायचं घाटतंय. सीमेच्या या बाजूला, कर्नाटकात, २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालविवाह मुळातच रद्द धरला जातो. पलीकडं महाराष्ट्रात तो रद्द करून घ्यायला कोर्टात अर्ज करावा लागतो. तासाभराच्या रस्त्यावर एवढा फरक. आत्तीला हे माहीत असेल असं नाही, पण कुणाला तरी असणार.

"१०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावू?"

"लावा. माझं नाव नको."

तेवढ्यात आत्ती केसपेपर घेऊन आली. "काय म्हणाली ओ?"

"रक्त कमी आहे," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

केसपेपर टेबलावर ठेवला. वयाच्या रकान्यात १९ लिहिलं होतं.