सागाच्या टेबलासाठी ग्रेन फिलर निवडताना : माझा अनुभव

सागाला कितीही पॉलिश पेपर मारा, तो काचेसारखा सपाट होत नाही. हाताला गुळगुळीत लागतो, पण वर चकचकीत कोट चढला की बारीक खाचांच्या रेघा उठून दिसतात. यात घासणाऱ्याची काही कसर नसते. झाडात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या फळी कापताना उभ्या चिरल्या जातात, त्याच या खाचा. साग, ओक, अॅश, महोगनी, अक्रोड या लाकडांत त्या मोठ्या असतात. मेपल किंवा चेरीत इतक्या बारीक की ग्रेन फिलरचा, म्हणजे या खाचा बुजवणाऱ्या लेपाचा, विचारही करायला नको.

मला टेबलाचा वरचा भाग अगदी आरशासारखा हवा होता, म्हणून फिलर लावणं भाग होतं. मॅट किंवा तेलाचं फिनिश करायचं असतं तर मी या भानगडीत पडलोच नसतो. खुल्या रेषांचा साग मॅटमध्ये उलट जास्त छान दिसतो, असं माझं मत आहे.

खिळ्यांची भोकं बुजवायची लांबी (पुट्टी) म्हणजे ग्रेन फिलर नव्हे. ती जाड असते, खाचेत नीट उतरत नाही आणि पारदर्शक पॉलिशखाली डागासारखी दिसते. खरे पर्याय तीन-चारच. ऑइल बेस फिलरमध्ये सिलिकासारखी बारीक पूड तेलात कालवलेली असते. तो सावकाश सुकतो, त्यामुळे पुसायला निवांत वेळ मिळतो, पण वरचा कोट देण्याआधी काही दिवस थांबावं लागतं. वॉटर बेस झटपट सुकतो, म्हणून एका वेळी हातभर जागाच घ्यावी लागते. इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन, आक्रसत नाही आणि रेषांना खोली देतो, मात्र जास्तीचा थर घासून काढताना दमछाक होते. चपडा लाख आणि प्युमिसची (ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाची) पूड वापरून कापडाच्या बोळ्याने खाचा भरायची जुनी पद्धतही आहे. काम देखणं होतं, पण टेबलाएवढ्या जागेसाठी तेवढी चिकाटी माझ्याकडे नाही.

त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर टेप लावून पट्टे पाडले आणि प्रत्येकावर वेगळा फिलर लावून शेवटच्या कोटापर्यंत नेला. नुसता फिलर लावून बघण्यात अर्थ नसतो. व्हार्निश चढल्यावरच खरा रंग कळतो. लाकडाच्या रंगाशी जुळणारा म्हणून घेतलेला फिलर व्हार्निशखाली फिकट पडला, खाचांत पीठ बसल्यासारखा. गडद तपकिरी फिलरने रेषा ठसठशीत केल्या. शिवाय नवा घासलेला साग उजेडात हळूहळू सोनेरी तपकिरी होत जातो, फिलरचा रंग मात्र त्याच्याबरोबर बदलत नाही. आज जुळणारा रंग पुढे फिकाच दिसणार. म्हणून ऑइल बेस, गडद तपकिरी, हे ठरलं.

फळी १८० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासली, ब्रशने खाचांतली धूळ काढली आणि मेण काढलेल्या चपड्याचा पातळ हात दिला. त्याने दोन कामं झाली. सागातलं नैसर्गिक तेल वरच्या व्हार्निशला सुकू देत नाही, ते खाली अडवलं गेलं. आणि गडद फिलर सगळ्या पृष्ठभागात न मुरता फक्त खाचांत बसला. हा हात जाड झाला तर खाचांची तोंडं बुजतात, म्हणून पातळच.

फिलर ढवळून, दाट सायीइतका पातळ करून कापडाने गोल गोल चोळला. ओली चमक जाऊन वर धुरकटपणा आला की जुन्या प्लॅस्टिक कार्डाने रेषांना तिरपं खरवडायचं आणि मग गोणपाटाने रेषांना आडवं पुसायचं. रेषेच्या दिशेने जोरात पुसलं तर भरलेला फिलर परत बाहेर निघतो. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी ती बाहेर मोकळी पसरून वाळवली.

सुकताना फिलर थोडा खाली बसतोच, त्यामुळे दुसरा हात लागला. तपासायला दिवा फळीच्या जवळजवळ पातळीला धरला. खाच उरली असेल तिथे सावलीची बारीक काळी रेघ दिसते. सरळ वरच्या उजेडात ती सापडत नाही. पुरतं सुकू दिलं, ३२० ने हलक्या हाताने घासलं आणि मगच व्हार्निश. अर्धवट सुकलेल्या फिलरवर कोट दिला तर खाचा नंतर पांढुरक्या पडतात.

फळीच्या टोकाकडच्या कापावर फिलर लावला नाही, कारण तिथे गडद फिलर फार शोषला जाऊन काळा पट्टा उठतो. तिथे चपड्याचेच दोन-तीन हात दिले. पायांना नुसतं तेल लावलं.