घासलेटाचा वास

संक्रांत होऊन गेलेली, दुपारची वेळ, आणि जळगावच्या आमच्या ओट्यावर काचेचे तीन पेले. भाच्याने जर्मनीहून रिझलिंग ही पांढरी वाईन आणलेली. मोझेल नदीकाठच्या एकाच मळ्यातली, सालं मात्र वेगळी: 2018, 2010, 2003. पहिली फिकट, शेवटची पार सोनेरी. लाल वाईन वय झालं की फिकी पडते, पांढरी गडद होत जाते म्हणे.

"मामा, आधी वास घ्या."

हे मला सांगावं लागत नाही. ताटातली भाजीसुद्धा मी हुंगल्याशिवाय तोंडात घालत नाही. घरात त्यावरून रोज बोलणी खातो.

2003 ची नाकाशी नेली आणि थबकलो. अक्काने पेला हिसकावला, हुंगला. "हाई तं घासलेट शे! बाटली धुयेल नही का रे?"

घासलेटच! धुळ्यातली रेशनची रांग, निळं घासलेट, नरसाळं, कडी तुटलेला आमचा डबा. स्टो विझवल्यावर स्वयंपाकघरात जो वास रेंगाळायचा, तो मी चोरून घ्यायचो. पोरगं पुस्तक घेऊन आपल्याजवळ बसतं याचं आईला कोण कौतुक!

जुन्या रिझलिंगला हा वास अनेकदा येतो, भाचा सांगत होता. द्राक्षांवर ऊन जितकं जास्त, तितकी या वासाची बीजं फळात जास्त. वास सुटतो मात्र बाटलीत, वर्षानुवर्षं, सावकाश. 2003 च्या उन्हाळ्यात जर्मनीत पारा 40 च्या वर गेला होता. आम्ही हसलो. चाळीस! मे महिन्यात इकडे चाळीस झालं तर लोक फिरायला बाहेर पडतात. तिकडच्या द्राक्षांची आंबटाई मात्र त्या उन्हाने उतरवली.

2010 थंड साल. पहिल्याच घोटाला जबड्यात झिणझिण्या. मला तीच आवडली. तिखटजाळ भरीत आणि कळण्याच्या भाकरीपुढे 2003 मुकी झाली, 2010 शेवटपर्यंत भांडत राहिली. 2018 बद्दल काही सांगण्यासारखं नाही. गोड पोरगी आहे, वाढायचीय.

निघताना भाचा म्हणाला, "2018 ची एक ठेवून जातो, वीस वर्षांनी उघडा."

म्हटलं, घेऊन जा बाबा. वैशाखात आमच्या कपाटात मेणबत्तीही उभी राहत नाही.